सोयाबीनच्या पट्टीपासून मार्चच्या नवेजुन्यापर्यंत : एका घराच्या बचतीच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

लातूरच्या आडत बाजारात १९ क्विंटल सोयाबीन ४,१८० रुपये भावाने गेले. हमाली, तोलाई आणि टेम्पोचे भाडे वजा जाता पट्टीचे, म्हणजे आडत्याच्या विक्रीच्या हिशोबाचे, ७७,८०० रुपये हातात आले. आणखी १२ क्विंटल हमीभावासाठी राखून ठेवले आहे, कारण यंदाचा हमीभाव ४,८९२ रुपये असून बाजारातील भावाशी त्याचा फरक क्विंटलमागे सातशेहून अधिक आहे. शिवाय घरच्या बियाण्यासाठी दीड क्विंटलहून थोडे अधिक सोयाबीन वेगळे काढले आहे.

या नोंदी मी आमच्या बचत गटातील बायकांसाठी लिहीत आहे. गटाची वही माझ्याकडे असते आणि गेल्या बैठकीत ‘घरचा हिशोब कसा लावता ते लिहून दाखवा’ असा आग्रह झाला. आमचे घर औसा तालुक्यात आहे. सासू, सासरे, आम्ही दोघे आणि तीन वर्षांची मुलगी एवढी माणसे असून पाच एकर जमीन सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या, नावावर आहे. हे लातूरच्या एमआयडीसीतील एका डाळ मिलमध्ये मशीनवर काम करतात व त्यांना हातात १४,५०० रुपये मिळतात. माझ्या शिवणकामाचे सरासरी २,५०० आणि लाडकी बहीण योजनेचे १,५०० धरून महिन्याची आवक १८,५०० रुपये होते. लाडकी बहीणचे पैसे कोणत्या तारखेला जमा होतील याचा नेम नसल्यामुळे त्यांच्या भरवशावर कोणताही हप्ता बांधायचा नाही, असे प्रथमच ठरवले.

ऑक्टोबरचा खर्च वहीत मांडला तो असा: किराणा ४,८००, पेट्रोल २,७००, मामांची साखर आणि रक्तदाबाची औषधे १,३००, गॅस ८२०, वीज व मोबाइल ९००, मुलीचा दवाखाना ६००, सावकाराचे व्याज १,२०० आणि यूपीआयवरून गेलेले किरकोळ २,९००. बेरीज १५,२२० होते. उरलेले तीन हजार आहेर, कपडे, पाहुणे आणि गटाची बचत यांत संपतात.

देणी वेगळी आहेत. मुलीच्या जन्माच्या वेळी सिझेरियनसाठी सावकाराकडून दरमहा शेकडा तीनने घेतलेले ४०,००० रुपये तसेच उभे आहेत. कृषी सेवा केंद्राची उधारी ४३,५०० आहे आणि बँकेचे पीक कर्ज १,२०,००० आहे. तिन्हींत पीक कर्जाची रक्कम मोठी असली तरी ते सर्वांत स्वस्त आहे, कारण तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडल्यास केंद्राची आणि राज्याची व्याज सवलत मिळून शेतकऱ्यावर व्याजाचा भार राहत नाही. शेकडा तीन म्हणजे मात्र वर्षाला ३६ टक्के. चाळीस हजारांवर आम्ही वर्षाकाठी १४,४०० रुपये देत आलो आणि मुद्दल जागचे हलले नाही.

१७ नोव्हेंबर २०२४

पहिला वाद बचत कशात करावी याचा नव्हता, पैसा आधी कुठे द्यावा याचा होता. मामांचे म्हणणे असे की कृषी केंद्रवाल्याशी वर्षानुवर्षांचा व्यवहार आहे, त्याला पूर्ण दिल्याशिवाय तोंड दाखवता येणार नाही, आणि उरले तर नातीसाठी थोडे सोने करावे. सोन्याला माझा विरोध नाही. परंतु ३६ टक्क्यांचे देणे अंगावर ठेवून दागिना घेणे म्हणजे घडणावळ आणि जीएसटी भरून तोट्यात उतरणे होय. शेवटी सावकाराला मुद्दल आणि चालू महिन्याचे व्याज मिळून ४१,२०० रुपये दिले, आणि कृषी केंद्राला २५,००० देऊन उरलेल्या १८,५०० साठी हमीभावाचे पैसे येईपर्यंतची मुदत मागितली. मामा स्वतः बोलायला गेले, त्यामुळे ती मिळाली.

सावकाराकडे पैसे देण्यापेक्षा कागद परत घेणे अवघड गेले. कर्ज घेताना सही केलेला कोरा धनादेश आणि शंभरचा स्टॅम्प पेपर त्याने ठेवून घेतला होता, आणि आता तो ‘शोधून ठेवतो’ असे म्हणू लागला. कागद समोर आल्याशिवाय पैसे मोजायचे नाहीत, यावर हे ठाम राहिले. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही आणि तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे होते, एवढे नुसते बोलून दाखवल्यावर धनादेश त्याच संध्याकाळी सापडला. तो फाडला, स्टॅम्प पेपरवर ‘रक्कम पूर्ण मिळाली’ असे लिहून घेतले आणि त्याचा फोटो काढून ठेवला.

उरलेल्या ११,६०० पैकी ८,००० हरभऱ्याच्या पेरणीला गेले.

४ डिसेंबर २०२४

सावकाराचे १,२०० आता सुटले आहेत. ते घरखर्चात विरघळू नयेत म्हणून त्यात शिवणकामाचे ८०० घालून पोस्टात दरमहा २,००० रुपयांचे आवर्ती ठेव खाते, म्हणजे आरडी, उघडले. मुदत पाच वर्षे, सध्याचा दर ६.७ टक्के. खाते पंधरा तारखेच्या आत उघडल्यामुळे पुढचा प्रत्येक हप्ताही पंधरा तारखेच्या आत भरावा लागेल. यांचा पगार दहा तारखेपर्यंत होतो, म्हणून हे सोयीचे वाटले.

त्याच दिवशी मुलीच्या नावे सुकन्या समृद्धी खाते २५० रुपये भरून उघडले. व्याज ८.२ टक्के आहे आणि भरणा पंधरा वर्षे करायचा आहे, परंतु आमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. या खात्याला महिन्याचा हप्ता नसतो. वर्षात किमान २५० भरले की खाते चालू राहते, आणि दीड लाखाच्या मर्यादेत जेव्हा जेवढे जमेल तेवढे भरता येते. ज्या घराचा पैसा खळ्यावर एकदम येतो त्या घराला अशी सूट उपयोगाची असते.

पासबुके भरून आणली तेव्हा एक नुकसान उघड झाले. यांच्या खात्यावरून कापली जाणारी जीवन ज्योती विम्याची ४३६ रुपयांची रक्कम मागील मे महिन्यात खात्यात शिल्लक नसल्याने कापली गेलीच नव्हती. रोज मोटारसायकलवर लातूरला जाणाऱ्या माणसाचा विमा सहा महिने बंद होता आणि घरात कोणालाही त्याची कल्पना नव्हती. आता डिसेंबरमध्ये पुन्हा नाव नोंदवताना वर्षाच्या उरलेल्या भागासाठी २२८ रुपये लागले. अपघाती मृत्यू सोडल्यास पहिल्या तीस दिवसांत दावा मिळत नाही. अपघातासाठीच्या सुरक्षा विम्याचे २० रुपये निराळे भरले. ज्यांच्या घरात हे दोन्ही विमे ‘काढलेले आहेत’ असे सांगितले जाते, त्यांनी पासबुकात मे महिन्याची वजावट एकदा पाहून घ्यावी.

२२ डिसेंबर २०२४

गटाकडून १२,००० रुपये घेऊन पिको-फॉलचे मशीन घेतले. व्याज महिन्याला दोन टक्के, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के होते आणि ते स्वस्त नाही. तरीही दरमहा हजार रुपये मुद्दल फेडल्यास व्याज २४० पासून उतरत जाऊन वर्षभरात एकूण १,५६० होते, आणि ते गटाच्याच निधीत पडते. गावात पिको करणारे कोणी नाही. बायका साड्या घेऊन औशाला जातात. कर्ज घेऊन बचत वाढते का, असा प्रश्न सासूबाईंनी विचारला आणि तो रास्त आहे. पुढच्या नोंदीत आकडे लिहीन.

२७ जानेवारी २०२५

हमीभावाचे ५८,७०४ रुपये जमा झाले. या पैशाने फार ताटकळवले. केंद्रावर प्रथम ओलावा १२ टक्क्यांपेक्षा अधिक म्हणून माल परत आला. मध्यंतरी ही मर्यादा १५ टक्के करण्यात आली, तर केंद्रावर बारदाना, म्हणजे माल भरायची रिकामी पोती, संपला होता; आणि माल घेतल्यानंतरही रक्कम खात्यावर पडायला वेळ गेला. बाजारभावापेक्षा १२ क्विंटलवर साधारण ८,५०० रुपये अधिक मिळाले, म्हणजे थांबणे फायद्याचे ठरले. परंतु हे थांबणे केवळ निम्माअधिक माल आधी बाजारात विकल्यामुळे शक्य झाले. सगळाच माल राखला असता तर सावकाराचे आणखी अडीच-तीन महिन्यांचे व्याज द्यावे लागले असते, आणि हमीभावाचा फायदा तेवढ्याने कमी झाला असता. कृषी केंद्राचे १८,५०० त्याच दिवशी देऊन उधारीचे पान बंद केले.

तूर पाच क्विंटल झाली आणि ७,२०० भावाने ३६,००० आले. आता हातात ७६,२०४ रुपये आहेत आणि घरात या पैशावर तीन मते आहेत.

यांच्या मावसभावाचा सल्ला असा की एका मल्टिस्टेट पतसंस्थेत ठेवावेत, तेथे बारा टक्के मिळतात. मी नकार दिला. बँकेतील ठेवीला, मग ती बँक सहकारी असली तरी, प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेला ते नसते. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत पतसंस्थांसमोर ठेवीदारांच्या रांगा कशा लागल्या हे सर्वांनी पाहिले आहे आणि त्या रांगांत आमचेही नातेवाईक उभे होते. पाच-सहा टक्के अधिक व्याजासाठी पेरणीचा पैसा अडकवणे मला मान्य नाही.

मामांचे मत पैसे घरातच ठेवावेत असे होते, कारण जूनमध्ये लागणारच आहेत. परंतु घरातला पैसा जूनपर्यंत टिकत नाही हा आमचा अनुभव आहे. लग्ने, आजारपण, पाहुण्यांची हातउसनवारी यांत तो जातो आणि मग उधारीने खत येते. पोस्टाची मुदत ठेव किमान एक वर्षाची असते, म्हणून ती उपयोगाची नव्हती. शेवटी बँकेत ६०,००० रुपयांची १३० दिवसांची ठेव केली. दर केवळ ५.५ टक्के आहे, परंतु येथे व्याज कमावणे हा हेतू नाही. ठेव ६ जून रोजी सुटते, म्हणजे नेमकी पेरणीच्या तोंडावर. उरलेले १६,२०० अडीनडीसाठी माझ्या एका जुन्या खात्यात टाकले. त्या खात्याचे एटीएम कार्ड बंद करून घेतले आहे आणि ते कोणत्याही फोनवरच्या यूपीआयला जोडलेले नाही. पैसे हवे असतील तर बँकेत जाऊन स्लिप भरावी लागते, आणि एवढा अडथळा पुरेसा आहे.

यूपीआयवरील २,९०० रुपयांचा शोधही याच काळात लागला. त्यात मोठी खरेदी एकही नव्हती. चहा, नाश्ता, पान, मुलीचा खाऊ, दहा-वीस-चाळीस रुपयांचीच रांग होती. आता सोमवारी यांना आठवड्याचे ३०० रुपये रोख दिले जातात आणि फोनमधील खात्यात पेट्रोलपुरतेच पैसे असतात. पहिले काही आठवडे रोख गुरुवारीच संपत असे.

४ एप्रिल २०२५

ही नोंद सविस्तर लिहीत आहे, कारण नवेजुने करताना आमच्या भागातील बहुतेक घरांचा पैसा गळतो आणि त्याचा हिशोब कोणी ठेवत नाही.

पीक कर्जाचे नवेजुने करायचे म्हणजे मार्चमध्ये पूर्ण १,२०,००० भरायचे आणि काही दिवसांनी तेवढेच पुन्हा उचलायचे. शून्य व्याजाची सवलत टिकवायची असेल तर याला पर्याय नाही. परंतु ते काही दिवस एवढी रक्कम आणायची कोठून? मागील वर्षी आम्ही ८०,००० रुपये एका ओळखीच्या माणसाकडून शेकडा तीनने घेतले होते. त्याच्याकडे दिवसांचा हिशोब नसतो. आठ दिवस ठेवा किंवा महिनाभर, व्याज पूर्ण महिन्याचे, म्हणजे २,४०० रुपये. बिनव्याजी कर्जाला आम्ही अशा रीतीने व्याज लावून घेत होतो.

या वर्षी हरभरा नऊ क्विंटल झाला आणि ५,४०० भावाने ४८,६०० आले. त्यात अडीनडीचे १६,२०० आणि शिवणकामाचे १,२०० मिळवले. उरलेल्या ५४,००० साठी मुदत ठेव मोडण्याच्या तयारीने आम्ही बँकेत गेलो होतो. तेथील रोखपालांनी सांगितले की ठेव मोडू नका, तिच्यावर ९० टक्क्यांपर्यंत उचल घ्या. व्याज ठेवीच्या दरापेक्षा एक टक्का अधिक आणि तेही वापरलेल्या दिवसांपुरतेच लागेल. साठ हजारांचे ९० टक्के बरोबर ५४,००० होतात. २४ मार्च रोजी उचल घेऊन कर्ज भरले. मार्चअखेरची गर्दी आणि १ एप्रिलला बँकेचे व्यवहार बंद, त्यामुळे नवे कर्ज ३ तारखेला खात्यावर पडले आणि त्याच दिवशी उचल फेडली. दहा दिवसांचे व्याज ९६ रुपये लागले. २,४०० च्या जागी ९६.

हरभऱ्याच्या पैशांतून आज १२,००० सुकन्या खात्यात भरले. या खात्यात महिन्याच्या पाच तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकीवर व्याज धरतात, म्हणून एप्रिलच्या पहिल्या पाच दिवसांत भरलेल्या रकमेला पूर्ण बारा महिन्यांचे व्याज मिळते. २५,००० अडीनडीच्या खात्यात गेले, आता तेथे ४१,२०० आहेत. ११,६०० दोन लग्नांसाठी बाजूला ठेवले.

एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. ठेव, अडीनडीचे खाते आणि इतर शिल्लक मिळून आमच्याकडे जेवढा पैसा आहे, जवळपास तेवढेच पीक कर्ज अंगावर आहे. म्हणजे कागदावर आम्ही शून्याच्या आसपास आहोत. नोव्हेंबरमध्ये शून्याच्या खाली होतो.

१८ मे २०२५

आरडीचे एप्रिल आणि मे हे दोन्ही हप्ते चुकले. लग्नांसाठी बाजूला ठेवलेले ११,६०० पुरले नाहीत. यांच्या चुलत बहिणीच्या लग्नात भांड्यांचा आहेर आमच्याकडे आला आणि पगारातून भर घालावी लागली. चुकलेल्या हप्त्याला दर शंभर रुपयांमागे एक रुपया दंड आहे, म्हणजे आमचा मिळून ४० रुपये. दंड किरकोळ आहे, परंतु चारपेक्षा अधिक हप्ते चुकले तर खाते बंद पडते. दरमहा समान हप्ता हा प्रकार पगारदारासाठी आखलेला आहे. आमच्या घरात चैत्र-वैशाखात पैसा बाहेर जातो आणि कार्तिकात आत येतो, म्हणून हप्ताही त्याच चालीने भरता येईल का, हे पोस्टात विचारायचे आहे.

पिकोच्या मशीनचे आकडे: लग्नसराईमुळे एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत शिवण आणि पिको मिळून ९,००० रुपयांचे काम झाले, त्यातील निम्म्याहून अधिक उधार आहे. उधारीची वही आता मीही ठेवू लागले. एरवीच्या महिन्यांत २,५०० ऐवजी ४,००० च्या आसपास मिळतात. सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर एवढे पुरे.

यांच्या खात्यात ५०० रुपये वेगळे ठेवले आहेत, कारण विम्याचे ४३६ आणि २० महिनाअखेरीस कापले जातील.

बियाण्याची उगवण तपासली. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून सावलीत ठेवले आणि रोज पाणी शिंपडले; ७४ उगवले. कृषी खाते ७० टक्क्यांची अट सांगते आणि तेवढी उगवण असेल तर एकरी ३० किलो पेरायला सांगते. म्हणजे पाच एकरांना दीड क्विंटल घरचे बियाणे पुरते. मागील वर्षी पिशव्यांवर १५,००० गेले होते. राखलेले सोयाबीन नोव्हेंबरात विकले असते तर सव्वासहा हजार आले असते, ते वजा केले तरी पावणेनऊ हजार वाचतात. पोती एकावर एक रचली नाहीत आणि आपटली नाहीत, कारण सोयाबीनचे टरफल नाजूक असून मार लागला की उगवण घसरते. हे काम संपूर्ण मामांनी पाहिले.

२८ मे २०२५

आमच्या आखणीला पावसाने फाटा दिला. मे महिन्यात एवढा पाऊस यापूर्वी पाहिल्याचे मामांनाही आठवत नाही, आणि मोसमी पाऊसही राज्यात नेहमीच्या आधी दाखल झाला. खतासाठी दुकानांवर झुंबड उडाली. ठेव सुटायला नऊ दिवस बाकी होते आणि डीएपी संपत चालले होते. अडीनडीच्या खात्यातून २४,००० काढून खत आणले. ठेवीवरची उचलही मिळाली असती, पण त्या दिवशी बँकेतील गर्दी पाहून स्लिप भरणे सोपे वाटले.

डीएपीची ५० किलोची पिशवी छापील १,३५० रुपयांना मिळाली, मात्र दुकानदाराने तिच्यासोबत आम्हाला नको असलेले विद्राव्य खत घेण्याचा आग्रह धरला. रोख पैसे हातात असल्याने दुसऱ्या दुकानात जाता आले. उधारीवर असतो तर जे दिले ते घ्यावे लागले असते, आणि वहीत पिशवीमागे शंभर रुपये वाढवून लिहिले असते तेही मुकाट्याने मान्य करावे लागले असते. पुढील वर्षी ठेवीची मुदत १५ मेपर्यंतच ठेवायची आहे.

९ जून २०२५

ठेवीचे ६१,१७५ रुपये मिळाले. २४,००० अडीनडीच्या खात्यात परत गेले. आधी आणलेले खत, मशागत, पेरणी, तणनाशक आणि पुढच्या फवारण्या धरून एकूण खर्च ४६,००० मांडला आहे, त्यामुळे १५,००० शिल्लक राहतात.

पोस्टात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. आरडीचे हप्ते आगाऊ भरता येतात, आणि एकदम सहा हप्ते भरल्यास दर शंभर रुपयांच्या हप्त्यामागे १० रुपये, बारा भरल्यास ४० रुपये सूट मिळते. शिवणकामाच्या उधारीतून आलेल्या पैशांतून चुकलेले दोन हप्ते ४० रुपये दंडासह भरले, आणि शिल्लक रकमेतून जून ते नोव्हेंबरचे सहा हप्ते एकदम भरले. २,००० च्या हप्त्यावर २०० रुपये सूट मिळाली. खाते उघडताना हे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नव्हते. शेतकरी घराने आरडी घ्यायचीच असेल तर अशीच भरावी, असे माझे मत आहे.

२० जुलै २०२५

मुलीला डेंग्यू झाला. लातूरच्या खाजगी रुग्णालयात भरती करावे लागले आणि ११,४०० रुपये लागले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, परंतु रुग्णालय त्या योजनेच्या यादीत असावे लागते, आणि हे नव्हते. रात्री अकराला यादी पाहण्याची मनःस्थिती कोणाची नसते. आता तालुक्यातील आणि लातूरमधील यादीवरच्या रुग्णालयांची नावे लिहून कागद दाराच्या मागे चिकटवला आहे, आणि सर्वांची आयुष्मान कार्डे काढून घेतली. अडीनडीच्या खात्यात २९,८०० राहिले. आरडीचे हप्ते नोव्हेंबरपर्यंत भरलेले असल्याने सावकाराचे ते १,२०० आता दरमहा याच खात्यात जातील.

२८ सप्टेंबर २०२५

आठवडाभर पाऊस. ओढ्याकाठचे दोन एकर पाण्याखाली गेले आणि उरलेल्या तीन एकरांत शेंगांना कोंब फुटले. तूर पिवळी पडली. धाराशिव आणि बीडकडील बातम्या पाहता आमचे नुकसान त्या मानाने कमी आहे, कारण घर आणि जमीन शाबूत आहे. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची सरकारी नोंद, ऑगस्टमध्येच केली होती, ते बरे झाले. पीक विमा यंदापासून एक रुपयात नसून विमा संरक्षित रकमेच्या दोन टक्के हिस्सा भरावा लागतो; तोही भरलेला आहे. तलाठ्यांनी पंचनामा केला.

आज हिशोब करण्यासारखे काही नाही.

१६ नोव्हेंबर २०२५

सोयाबीन ११ क्विंटल निघाले. दाणा डागी असल्याने यंदाच्या ५,३२८ च्या हमीभावाचा प्रश्नच आला नाही; ३,६५० ने ४०,१५० रुपये आले. चिखलातली काढणी म्हणून मजुरी चढली, त्यात १४,००० गेले. अतिवृष्टीची मदत जिरायतीला हेक्टरी ८,५०० प्रमाणे दोन हेक्टरची १७,००० मामांच्या खात्यावर पडली. एकूण ४३,१५०. मागील हंगामात फक्त सोयाबीनचेच १,३६,५०४ आले होते.

त्यातून ९,००० हरभऱ्याच्या पेरणीला लागले. २५,००० ची ठेव केली, १५ मे २०२६ ला सुटेल अशी. ९,१५० पावसात गळालेल्या पत्र्यांवर आणि दिवाळीवर खर्च झाले. उधारी नाही, हातउसने नाही. गटाच्या मशीनचा शेवटचा हप्ता पुढच्या महिन्यात आहे.

आता प्रश्न मार्चमधील नवेजुन्याचा आहे. १,२०,००० उभे करायचे आहेत आणि मांडणी अशी आहे: २५,००० च्या ठेवीवर उचल २२,५००, अडीनडीचे खाते ३५,८००, आरडीचे बारा हप्ते पूर्ण झाल्यामुळे डिसेंबरपासून तिच्यावर जमा रकमेच्या निम्मे, म्हणजे १२,००० कर्ज मिळू शकते, त्याला आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के अधिक व्याज. बेरीज ७०,३००. उरलेले ४९,७०० हरभऱ्यातून यायचे आहेत. मागच्या वर्षीएवढाच नऊ क्विंटल झाला आणि ५,४०० चाच भाव मिळाला तर ४८,६०० येतील आणि कमी पडणारे १,१०० शिवणकामातून घालता येतील. हमीभाव ५,८७५ आहे, परंतु त्याचे पैसे मार्चअखेरपर्यंत खात्यावर पडतील असे मी धरलेले नाही. हरभरा सातच क्विंटल झाला तर जवळपास बारा हजार कमी पडतील, आणि त्यासाठी गटाच्या डिसेंबरच्या बैठकीतच मार्चच्या कर्जाची मागणी नोंदवून ठेवणार आहे. आरडीचे पुढचे सहा हप्ते या वेळी आगाऊ भरता आले नाहीत. डिसेंबरपासून ते दर महिन्याला, पंधरा तारखेच्या आत भरावे लागतील.